मौन कुणाचे? गायतोंडे, अमूर्त चित्रकला आणि आपण

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांवर कुणी लिहायला बसले की दोन शब्द हमखास येतात. एक ‘मौन’ आणि दुसरा ‘ध्यान’. त्यांच्या मागोमाग ‘शून्य’ येते, ‘अनंत’ येते, आणि लेख संपेपर्यंत चित्रकाराचा ऋषी झालेला असतो. हे शब्द वाचताना मी दरवेळी अडखळतो. आपल्या इतिहासात मौनाला वेगळा अर्थ आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याचे नावच ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचे ते पत्र होते. एक मौन माणूस स्वतः निवडतो, दुसरे त्याच्यावर लादले जाते. कलासमीक्षेच्या लेखी मात्र मौन एकच असते आणि ते नेहमीच उदात्त असते. हा भेद न करता अमूर्त चित्रकलेचा तात्त्विक अर्थ सांगता येईल काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मी इतिहास शिकवतो. आमचे जवाहरनगर म्हणजे साठीच्या दशकात उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याभोवतीची वसाहत. येथे चित्रांचे दालन नाही आणि चित्रकलेचे औपचारिक शिक्षण मलाही नाही. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. असा माणूस अमूर्त चित्रांवर का लिहितो, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की या चित्रांच्या अर्थासाठी बुद्धाचे नाव वापरले जात आहे, आणि बुद्धाचे नाव जेथे येते तेथे आपण विचारपूस करणे भाग आहे.

आधी ज्या अभ्यासाबद्दल बोलायचे आहे त्याची माहिती देतो. गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा, कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण पुढे गिरगावच्या चाळीत गेले. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली आणि काही काळाने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून माणसे, पक्षी, वस्तू गळून गेल्या. १९६४ मध्ये अमेरिकन फेलोशिपवर ते न्यू यॉर्कला गेले. १९७२ पासून दिल्लीत राहिले. २००१ मध्ये वारले. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे करणारा हा माणूस. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी त्यांच्यावर लिहिलेली छोटी पुस्तिका ललित कला अकादमीने १९८३ मध्ये काढली. त्यानंतर खूप वर्षे सामसूम होती. मग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ते कलेतिहासकार संधिनी पोद्दार यांनी मांडले होते. ‘प्रक्रिया म्हणून चित्र, जगणे म्हणून चित्र’ असा त्याच्या इंग्रजी नावाचा आशय. २०१६ मध्ये सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा भला मोठा मराठी ग्रंथ आला.

पोद्दार यांच्या कामाचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. भारतीय चित्रकार म्हणजे युरोप-अमेरिकेच्या मागून धावत आलेला नकलाकार, ही जुनी समजूत या प्रदर्शनाने खिळखिळी केली. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभर जे वस्तुनिरपेक्ष चित्र घडत होते त्यात गायतोंडे यांना बरोबरीची जागा मिळाली. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ‘अमूर्त’ हे विशेषण गायतोंडे यांना मान्य नव्हते. ते स्वतः ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. योगायोग असा की गुगेनहाइम संग्रहालय १९३९ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याच्या नावातच हा शब्द होता. दुसरी गोष्ट, चित्र कसे घडले याकडे या अभ्यासाने लक्ष वेधले. गायतोंडे रोलर फिरवीत, रंगाचा थर पातीने खरवडीत, फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत. थरावर थर चढे आणि त्यांतून एक आतला उजेड तयार होई. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी त्यांची चित्रे पाहिली तेव्हा हा उजेड मला दिसला. छापील चित्रात तो येत नाही. पुस्तक पाहून या चित्रांची टिंगल करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

अडचण सुरू होते ती प्रक्रियेकडून अर्थाकडे जाताना. येथे झेन येतो. गायतोंडे झेन वाचत, त्यांनी तसे सांगितलेही आहे, त्यामुळे झेनचा उल्लेख चुकीचा नाही. त्यांच्याविषयीच्या लेखनात आणखी तीन नावे भेटतात : रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज. (निसर्गदत्त महाराजांचे मुंबईत विड्यांचे दुकान होते. ती विडी वळणाऱ्या हातांना कोणते तत्त्वज्ञान सुचत होते, हे अजून कुणी विचारलेले नाही.) समीक्षक ही नावे एका टोपलीत टाकतात, झेन आणि अद्वैत एकजीव करतात आणि त्या मिश्रणाला ‘भारतीय अध्यात्म’ असे नाव देतात. बौद्ध विचाराने आत्मा नाकारला आणि अद्वैताने आत्म्यावाचून दुसरे काही मानले नाही, हा फरक पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. कॅनव्हाससमोर उभा राहिल्यावर तो अभ्यासकांना का आठवत नाही?

आता तारखा पाहा. जपानी पंडित डी. टी. सुझुकी यांनी १९५२ ते १९५७ या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झेनवर व्याख्याने दिली. संगीतकार जॉन केज ती ऐकायला जात असे. तेथून झेन अमेरिकन कलावंतांच्या बोलण्यात मुरला आणि जगभर कलेच्या वर्तुळांत पोचला. त्याच १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि सुझुकींची व्याख्याने चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, गायतोंडे यांच्या जन्मगावी लाखो माणसांनी बुद्धाचा स्वीकार केला. विसाव्या शतकातील बौद्ध धम्माच्या इतिहासातली ही केवढी मोठी घटना! गायतोंडे यांचे नागपूरशी नाते जन्मापुरते, ते मी ताणणार नाही. चित्रकाराने दीक्षाभूमीकडे पाहायला हवे होते, असेही माझे म्हणणे नाही. तक्रार इतिहासकारांशी आहे. मी वाचलेल्या लेखनात गायतोंडे यांचा बुद्ध क्योतोहून निघतो, न्यू यॉर्कला थांबतो आणि मुंबईत उतरतो. नागपूर त्याच्या वाटेत लागत नाही. जपानी बुद्ध कलेसाठी आणि नागपूरचा बुद्ध मोर्चासाठी, अशी वाटणी कुणी केली?

कलेतिहासकार य. शं. आलोने यांनी अशा वृत्तीसाठी जो इंग्रजी शब्द रूढ केला त्याचे मराठी ‘संरक्षित अज्ञान’ असे करता येईल. माहिती हाताशी असते, पण ती न घेण्याने आपली जागा सुरक्षित राहते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकवताना बौद्ध लेण्यांपासून आजच्या चित्रांपर्यंत त्यांनी हा प्रश्न लावून धरला आहे.

अमूर्त चित्राला अध्यात्माचा शेंदूर लागला तो काही केवळ आपल्याकडे नाही. फिनलंडचे सिक्स्टेन रिंगबोम यांनी १९७० मध्ये कान्दिन्स्कीवर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अमूर्ततेमागे थिऑसॉफीचे वाचन कसे होते ते दाखवून दिले. मोन्द्रियान तर १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासदच झाला होता. या सोसायटीचे मुख्य ठाणे मद्रासच्या अड्यारला. कृष्णमूर्तींना वाढवले तेही तिनेच. म्हणजे भारतातून उचललेले अध्यात्म युरोपच्या कॅनव्हासवर चढले, आणि पन्नास वर्षांनी तेच ‘आमचे सनातन’ म्हणून परत आले. हा व्यवहार गमतीचा आहे, पण माझ्या विषयाला अधिक उपयोगी पडणारा इतिहासकार वेगळा आहे.

त्याचे नाव मायर शापिरो. जन्म १९०४, लिथुआनियातील एका ज्यू कुटुंबात. तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आला आणि ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत वाढला. कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि पुढे आयुष्यभर तेथेच शिकवले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच ड्यूईंनी १९३४ मध्ये ‘आर्ट अ‍ॅज एक्स्पीरियन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रस्तावनेत ज्यांचे आभार मानले त्यांत तरुण शापिरोंचे नाव आहे. ड्यूईंचा हात धरून लोकशाहीच्या विचाराकडे गेलेले बाबासाहेब आपण वाचतो. त्याच ड्यूईंच्या अंगणातून कलेच्या विचाराकडे जाणारी ही वाट आपण अजून तुडवलेली नाही.

१९३६ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घनवाद आणि अमूर्त कला यांवर प्रदर्शन केले. संचालक आल्फ्रेड बार यांनी त्यासाठी एक तक्ता काढला. एका शैलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असे बाण दाखवणारा तो तक्ता आजही कलेच्या पुस्तकांत छापतात. त्यात माणसे नाहीत, कामगार नाहीत, युद्ध नाही. शापिरोंनी १९३७ मध्ये ‘मार्क्सिस्ट क्वार्टर्ली’त उत्तर दिले. (तेही त्रैमासिकच होते, आणि आपल्या त्रैमासिकांसारखेच पैशाच्या अडचणीतले असावे.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अनुभवाचा स्पर्शच नसलेली शुद्ध कला अस्तित्वात नाही. चित्रकार वस्तू रंगवायचे सोडतो हीसुद्धा समाजात राहणाऱ्या माणसाने केलेली निवड असते. कागदावरच्या निरर्थक रेघोट्यांनाही जगण्याचा आकार असतो. म्हणून चित्रात काय नाही यावरून ‘हे समाजापलीकडचे आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ते काढून टाकणे कुणाला परवडले, कोणत्या काळात परवडले, हे विचारावे लागते. शापिरो अमूर्त कलेचे शत्रू नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मार्क्सचे नाव निघाले की लोक तसे गृहीत धरतात. पुढे १९५७ मध्ये त्यांनी असेही मांडले की यंत्रांच्या आणि तुकड्या-तुकड्यांनी वाटलेल्या श्रमाच्या संस्कृतीत चित्र आणि शिल्प या माणसाने स्वतःच्या हाताने, आरंभापासून शेवटापर्यंत घडवलेल्या जवळजवळ अखेरच्या वस्तू उरल्या आहेत. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला भेद बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ज्या ग्रंथात दाखवला, तो आठवून शापिरोंचे हे विधान वाचावे. ज्या देशात हाताचे काम करणाऱ्याची जातच त्या कामावरून ठरली, तेथे ‘हाताने घडवलेली वस्तू’ एवढ्या निरागसपणे मुक्तीची खूण होऊ शकत नाही. शापिरोंचा प्रश्न आपण घ्यावा, उत्तर आपले शोधावे.

हा प्रश्न घेऊन गायतोंडे यांच्याकडे परत येऊ. दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत, गच्चीवरच्या खोलीत, ते एकटे राहत. फार कुणाशी बोलत नसत, चित्रांना नावे देत नसत. समीक्षकांना यात संन्यास दिसतो. मला त्यात आधुनिक शहर दिसते. कुटुंब, जातभाई, देऊळ, सण या सगळ्यांपासून सुटून एका खोलीत स्वतःच्या कामाशी एकटे राहता येणे ही शहराने दिलेली सोय आहे. ज्याला आडनाव सांगितल्यावर खोली नाकारली जाते त्याला ती सोय किती महाग आहे हे कळते. गायतोंडे यांचे मौन खोटे नव्हते. पण ते भाड्याच्या खोलीतले, विसाव्या शतकातले, नावगाव विचारल्यावर ज्याला दार उघडले जाते अशा माणसाचे मौन होते. हिमालयातल्या गुहेतले नव्हते. एवढे लिहायला कलेतिहासाला संकोच का वाटावा?

आणि ते रोलर, ते खरवडणे. हे सारे श्रम आहेत. आमच्याकडे बाया दिवाळीआधी भिंती सारवतात, पांढऱ्या मातीने पोतारतात. हाताचे अर्धगोल एकावर एक पडत जातात. भिंतीवर आकृती कोणतीच नसते, तरी कोणत्या बाईचा हात फिरला ते शेजारीण ओळखते. ही तुलना मी फार पुढे नेणार नाही, कारण सारवणाऱ्या बाईला भिंत सोडून देण्याचे स्वातंत्र्य नसते आणि गायतोंडे यांना कॅनव्हास महिनाभर तसाच ठेवता येत होता. त्यांच्या एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपये आले. भिंतीला काय येते ते आपण जाणतोच.

येथवर वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल, मग सोडून द्या ना ही चित्रे, आपल्याला काय करायची आहेत? याच म्हणण्याशी माझे खरे भांडण आहे. काही वर्षांपूर्वी एका जयंतीनिमित्त भित्तिचित्रांची स्पर्धा होती. एका मुलीने पूर्ण कागद निळ्याचे थर देऊन भरला होता. खाली गडद, वर जाता जाता विरळ, एका कोपऱ्यात कागदाचा पांढरा जरासा राखलेला. बाकी काही नाही. परीक्षक चळवळीतले जुने, आदरणीय गृहस्थ. त्यांनी विचारले, “पोरी, यात बाबासाहेब कुठी आहेत?” मुलगी काही बोलली नाही. बक्षीस कुणाला मिळाले हे महत्त्वाचे नाही. पण त्यानंतर त्या मुलीच्या प्रत्येक चित्रात चष्मा, कोट आणि ग्रंथ असतात, आणि चित्रे वाईट असतात.

त्या परीक्षकांच्या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर दिले गेले आहे. वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मोठा स्तूप निघाला, कठड्याचे कोरीव खांब निघाले, दान देणाऱ्या उपासक-उपासिकांचे ब्राह्मी लेख निघाले. काळ इसवीसनापूर्वीचा. त्यातल्या एका शिल्पात मुचलिंद नाग आहे. संबोधीनंतर वादळी पावसात त्याने बुद्धावर फणा धरल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. शिल्पात फणा आहे, फण्याखाली आसन आहे आणि आसन रिकामे आहे. बुद्ध कुठे आहेत, असे त्या शिल्पकाराला कुणी विचारले असेल काय?

या रिकाम्या आसनावरून कलेतिहासात मोठा वाद झाला आहे. फ्रेंच पंडित फूशे यांच्या काळापासून असे मानले गेले की आरंभीच्या बौद्धांनी बुद्धाची मानवी प्रतिमा टाळली आणि वृक्ष, चक्र, पाऊल, आसन यांनी ती सुचवली. सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये यावर हरकत घेतली. त्यांच्या मते अशी अनेक शिल्पे बुद्धाच्या जीवनातले प्रसंग दाखवत नसून त्या त्या पवित्र स्थळी जमलेले उपासकच दाखवतात, आणि आसन म्हणजे खरोखरचे आसन. विद्या दहेजिया यांनी दुसऱ्याच वर्षी उत्तर दिले की एकाच चिन्हाचे एकाहून अधिक अर्थ असू शकतात. पवनीच्या मुचलिंदापुरते मला दहेजिया यांचे म्हणणे पटते, कारण फणा धरायला खाली कुणीतरी लागतो. पण वाद कुणाच्याही बाजूने सुटला तरी एक गोष्ट उरते. आकृतीवाचून उपस्थिती दाखवणे ही कला बौद्ध उपासकांच्या दानातून या मातीत घडली होती. ती न्यू यॉर्कहून आणावी लागली नाही. पवनीची काही शिल्पे आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि तेथून गायतोंडे यांची चित्रे असलेले आधुनिक कलेचे संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मी एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी गेलो. आपल्या विद्यार्थ्यांच्या सहली दिल्लीला जातात तेव्हा त्यांनी हे करून पाहावे.

तत्त्वज्ञानाच्या अंगानेही आपल्याला उसनवारी करण्याचे कारण नाही. शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ १९८८ मध्ये आले. तरुणपणी चित्रकला शिकायला गेलेला आणि ती सोडून चळवळीत आलेला हा विचारवंत सौंदर्यशास्त्राचा पाया शोधत थेट दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्यापाशी गेला. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण दिशा बरोबर होती. दिङ्नागाने ‘प्रमाणसमुच्चया’त प्रत्यक्ष ज्ञान कशाला म्हणावे ते सांगितले आहे. डोळ्याला जे दिसते त्याला आपण लगेच काहीतरी जोडतो : नाव, जाती, गुण, क्रिया, द्रव्य. ही जोडणी म्हणजे कल्पना. प्रत्यक्ष तिच्या आधीचे. गाय दिसते तेव्हा डोळा एक विशिष्ट दृश्य पाहतो. ‘गाय’ हे मन म्हणते.

येथे ‘जाती’ म्हणजे सामान्य, गायींमधले गायपण. शब्दाशी खेळ करू नका, असे एखादा पंडित मला बजावील. खेळ मी केलेला नाही, इतिहासाने केला आहे. कुमारिल भट्टाने ब्राह्मणत्व ही खरीखुरी जाती आहे आणि आईबापांचे कूळ ठाऊक असले की ती डोळ्यांना दिसते, असा पक्ष मांडला. बौद्ध तार्किकांनी तो खोडून काढण्यात पिढ्या घालवल्या. माणूस दिसतो, ब्राह्मणपण दिसत नाही, ते चिकटवलेले असते. धर्मकीर्तीने जड बुद्धीची जी पाच लक्षणे मोजली त्यांत वेदप्रामाण्य, जगाचा कर्ता मानणे आणि स्नानाने पुण्य मिळते ही समजूत यांच्या ओळीत जातीचा ताठा घातला आहे. म्हणजे पाहणे म्हणजे काय, हा ज्ञानशास्त्राचा कोरडा प्रश्न आणि जातीचा प्रश्न या परंपरेत एकाच पानावर येतात.

आता वस्तुनिरपेक्ष चित्रासमोर उभे राहा. ‘हे काय आहे?’ असे मन विचारते आणि चित्र नाव देत नाही. जाती देत नाही. नाव चिकटवण्याआधीचा, एरवी डोळ्याची पापणी लवेतो निसटणारा क्षण ते लांबवते. गायतोंडे यांच्या चित्राचा तात्त्विक अर्थ मी असा लावतो. यासाठी मला ब्रह्म लागत नाही, समाधीही लागत नाही. शापिरो येथे मला टोकतील की कुणाचाही डोळा इतका कोरा नसतो. खरे आहे, दिङ्नागही कल्पना पुढच्याच क्षणी येते असे मानतो. पण ज्याच्याकडे पाहताच समोरच्याच्या मनात नाव आणि जात आधी उमटते, माणूस मागून, त्याला या एका क्षणाची किंमत इतरांहून जास्त कळावी. वेदना आणि नकार मांडणाऱ्या आपल्या साहित्याला आकृती हवी होती, तशी ती चित्रांतही हवी होती. नागपूरच्या सवी सावरकरांनी देवदासी, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य यांना चित्रांत आणले नसते तर भारतीय चित्रकला आजही त्या दृश्याकडे पाठ करून उभी असती. पण एका वाटेसाठी दुसरी बंद करण्याचे कारण काय? ‘तुम्ही तुमची दुःखे तेवढी रंगवा, शून्य आम्ही पाहून घेतो’ ही वाटणी प्रस्थापितांना सोयीची आहे. ती आपण आपल्या मुलांवर लादू नये.

ती वाटणी न मानणारा एक चित्रकार विदर्भाने दिला होता. अंबादास खोब्रागडे, जन्म अकोला, १९२२. शिक्षण जे. जे.त. कॅनव्हासभर वळणारे, पिळदार, लांब फटकारे, पूर ओसरल्यावर गाळात उमटलेल्या रेषांसारखे, आकृती नाही. १९६२ मध्ये भावनगरच्या एका घरात बारा चित्रकारांचा गट जमला. घराचा क्रमांक तोच गटाचे नाव झाला, ग्रुप १८९०. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, हिंमत शाह, गुलाम मोहम्मद शेख यांच्याबरोबर अंबादास त्यात होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीला त्यांचे एकमेव प्रदर्शन भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले, ज्यांच्या नावाने आमची वसाहत ओळखली जाते. पुस्तिकेसाठी मेक्सिकोचे राजदूत, कवी ऑक्तावियो पाझ यांनी लिहिले. पुढे अंबादास नॉर्वेला गेले आणि २०१२ मध्ये ऑस्लोत वारले. गुगेनहाइमचे प्रदर्शन त्यानंतर दोन वर्षांनी भरले.

कलेच्या जगात ते केवळ ‘अंबादास’ या नावाने ओळखले जातात. खोब्रागडे हे आडनाव विदर्भातल्या वाचकाला परके नाही. आडनावावरून माणसाची जात काढण्याचा उद्योग मी करणार नाही. दिङ्नागाचा आधार घेऊन लगेच तो करणे शोभणारही नाही. पण इतिहासकाराला काही साध्या गोष्टी विचाराव्याच लागतात. अकोल्यात १९२२ मध्ये जन्मलेला मुलगा कोणत्या शाळेत बसला, वर्गात कुठे बसला, रंग पहिल्यांदा कुणी दिले, जे. जे.च्या वसतिगृहात ताट कुणाबरोबर लागले, आडनाव गळाले की त्यांनी गाळले, आणि १९५६ च्या ऑक्टोबरची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली. अकोला आणि मुंबईत ही माहिती असलेली माणसे वयोवृद्ध झाली असतील, काही गेली असतील. आपल्या विद्यापीठांत दरवर्षी दलित आत्मकथनांवर प्रबंध होतात, एकाच पुस्तकावर पाच-पाच होतात. त्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याने या वर्षी वही-पेन घेऊन अकोल्याची एस. टी. पकडावी.